मूळ नाव

२०२४ साल. माझं वय अठ्ठ्याहत्तर. त्या वर्षी माझी बायको गेली, आणि चौकातल्या फळ्यावर मी तिचं नाव लिहिलं नाही. का लिहिलं नाही ते वस्तीला माहीत नाही, पोरालाही माहीत नाही. ज्यानं त्यानं आपापल्या मनानं ठरवून टाकलंय. मी कुणाच्या दारात जाऊन खुलासा केला नाही, तसलं मला जमत नाही. हात चालतोय तोवर इथं लिहून ठेवतो.

नाव मात्र मी इथं एकाचंही घालणार नाही. तीस वर्षं फळ्यावर नावंच लिहिली. आता पुरे.

फळ्याचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या वस्तीत चौकाला विहार आहे. विहाराच्या बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा एक फळा आहे. मंडळाच्या मीटिंगा, जयंतीचा कार्यक्रम, असलं लिहायला तो केला होता. वर्षातनं चार वेळा त्याला खडू लागायचा. मग गिरणी बंद पडली. घरटी एक पुरुष सकाळी सातला चौकात येऊन बसायला लागला. भोंगा वाजत नव्हता, पण पाय ऐकत नव्हते. बसून बोलायचं काय? गिरणी. देणं किती राहिलं, वकील काय म्हणाला, कोण मुंबईला गेला. रोज तेच. माणसं आपल्याच बोलण्यानं वाळत चालली होती.

एक दिवस सकाळी रेडिओवर ऐकलं, की लहान पोरांच्या काळजाची शस्त्रक्रिया करणारा कुठल्या तरी लांबच्या देशातला एक डॉक्टर वारला. मी उठलो, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं. नाव, देश, आणि खाली एक ओळ, की या माणसानं काय केलं. लोक जमले. कोण हा, कुठला, पोरांचं काळीज उघडून परत शिवतात व्हय, रक्त थांबवतात कसं. दहा मिनिटं चाललं. त्या दहा मिनिटांत गिरणीचं नाव कुणी काढलं नाही.

तेव्हापासून मी रोज लिहायला लागलो. आधी रेडिओवरून, मग पेपरातून. पेपरात आतल्या पानावर, कोपऱ्यात, बोटभर बातमी असते. तीच मला पाहिजे असायची. चंद्रावर जाऊन आलेला एक गेला. रेडिओवर पन्नास वर्षं बातम्या वाचणारी बाई गेली. समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघणारा गेला. जगात रोज कोणीतरी जातंच, फळा कधी रिकामा राहिला नाही. नाक्यावरचा पेपरवाला, मुसलमान, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला बघितलं की पेपर पुढं करून विचारायचा, "क्या चाचा, आज कौन गया?" पुढं वस्तीच तसं विचारायला लागली. नमस्कार चमत्कार नाही. आज कोण गेलं?

माझं शिक्षण चौथी, तेही पुरतं नाही. पण माझं अक्षर बघून हायस्कूलचे मास्तर थांबायचे. खडू पाण्यात बुडवून लिहायचं. ओला असताना काही दिसत नाही, वाळलं की अक्षर पांढरंशुभ्र वर येतं. हे मला कुणी शिकवलं नाही.

नावाच्या आधी मी 'कालकथित' लिहायचो. आमच्यात गेलेल्या माणसाला तसंच लिहितात. त्यावरूनही वाद झाले. वरच्या आळीतला एक म्हणाला, परदेशातल्या माणसाला कै. लिहावं, ते सगळ्यांना कळतं. मी म्हटलं, "कैलासात जायला त्याच्याकडं पासपोर्ट आहे का बघून ये." पेपरवाला म्हणाला, "मरहूम लिखो ना चाचा, छोटा है, खडू बचेगा." ख्रिश्चनाला ख्रिस्तवासी लिहा म्हणून एक जण अडून बसला. मी कुणाचं ऐकलं नाही. माझ्या फळ्यावर जो येईल तो कालकथित. राजा असो, गवई असो. सगळ्यांना एकच शब्द. पटत नसेल तर दुसरी भिंत बघा.

एकदा चूक झाली, तीही सांगतो. पेपरात मथळा होता की एका मोठ्या फुटबॉलवाल्यानं अखेरचा निरोप घेतला. मी लिहून टाकलं. पेपरवाला पोट धरून हसत आला. "अरे चाचा, उनो मरे नै! खेलना छोड़े उनो!" मी म्हटलं, अखेरचा निरोप म्हणजे अखेरचाच. पेपरवाल्यांना मराठी येत नाही त्याला मी काय करू. दोन दिवस तो जिवंत माणूस फळ्यावर कालकथित होऊन राहिला. मी काही पुसलं नाही, बायकोलाही पुसू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं पहाटेच फडकं मारलं आणि मला म्हणाली, "त्येच्या बायकूला कुनी सांगितलं असतं तर?"

फळा तीच धुवायची. तीस वर्षं. रोज पहाटे बादली आणि फडकं घेऊन जायची, काल गेलेला पुसायची. फळ्याचा रंग उडाला की जुन्या सेलमधला काळा मसाला कुटून, त्यात पाणी घालून सारवायची. तिला वाचता येत नव्हतं. पण रोज पुसून पुसून दोन शब्द तिला आकारानं ओळखू यायला लागले होते. एक कालकथित. दुसरा, मूळ नाव.

हे मूळ नाव म्हणजे असं. नटनट्या, गाणारे, लिहिणारे यांची नावं पुष्कळदा बदललेली असतात. पेपरात शेवटी दिलेलं असतं, यांचं मूळ नाव अमुक. मी ते कधी सोडलं नाही. मोठ्या अक्षरात प्रसिद्ध नाव, त्याच्या खाली 'मूळ नाव' आणि पुढं ते. लोक म्हणायचे, ते कशाला, कोण ओळखतंय त्या नावानं? मी म्हणायचो, आईनं हाक मारली ते नाव आहे, ते बुडवायचं नाही. असं मी म्हणायचो. मीच.

आणि माझा एक नियम होता. फळ्यावर फक्त जगाचं माणूस. वस्तीतलं नाही. एकाची आई वारली, सुईणपण करायची. तो हात जोडून आला. म्हणाला, "वस्तीतली निम्मी पोरं माझ्या आईच्या हातावर झाली. एक दिस लिव्ह की तिचं." मी म्हटलं, "वस्तीला माहीत आहे ते. माहीत असलेलं लिहायला फळा नाही." तो त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा बंद झाला. मी पण बोलायला गेलो नाही.

आता त्या वर्षाचं.

बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. रिक्षानं न्यायचं, चार तास बसायचं, आणायचं. घरी आली की ती दारातल्या बाजेवर पडून राहायची. तिथनं चौक दिसतो, फळा दिसतो. तिच्यानं आता फळा धुणं होत नव्हतं. मग मी कालच्याच्या अंगावर ओला हात फिरवून आजचा लिहायचो. नीट पुसलं जायचं नाही, खालून कालचं दिसत राहायचं. ती बाजेवरून म्हणायची, "दोघं मिसळल्यात."

एक दिवस परदेशातली एक गाणारी बाई गेली. मी लिहिलं, खाली मूळ नाव लिहिलं, आणि येऊन तिच्या उशाशी बसलो.

"आज मूळ नाव हाय," ती म्हणाली. "तिचं बदललं हुतं व्हय? लग्नात?"

"लग्नात न्हाई. गाण्यासाठी."

"मग आदीचं कुनी ध्यानात ठिवलं?"

"ठेवत्यात. पेपरवाल्यांकडं असतंय सगळं."

तिनं बाजेवरनं फळ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "माझं हाय का ध्यानात कुनाच्या?"

मी हसलो. म्हटलं, त्यात काय, आणि एक नाव घेतलं.

"ते माझ्या भनीचं," ती म्हणाली. "लहानपनी गेली ती."

जगातल्या कुठल्या कुठल्या नटीचं मूळ नाव मला विचारा, मी झोपेत सांगेन. आणि अठ्ठावन्न वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं मला येत नव्हतं.

लग्नात बायकोचं नाव बदलायची रीत आमच्याकडं होती तेव्हा. सगळ्यांची बदलायचे. माझ्या आईनं तिला बजावून सांगितलं होतं, की नवऱ्यानं ठेवलेलं नाव एकदा अंगाला लागलं की माहेरचं पुन्हा तोंडानं घ्यायचं नाही. ती तशीच वागली. माहेरी भाऊ तिला आक्का म्हणायचे. आई तिची लवकर गेली. नाव घेणारं असं कुणी राहिलंच नाही.

"बरं, मग तूच सांग," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. चुकलो की माझा आवाज चढतो.

"न्हाई सांगत," ती म्हणाली. "तुमी आठवा. मी गेल्यावर फळ्यावर माझं नाव लिवायचं. तुमचा नियम ठिवा गुंडाळून एक दिस. पर मूळ नावासकट लिवायचं. त्याबिगर लिवू नगा. नुसतं तुमचं ठिवलेलं लिवलं तर मला न्हाई चालनार."

अठ्ठावन्न वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली गोष्ट मला आठवत नाही. हीच पहिली. मी म्हटलं, लिहीन. आणि मनात म्हटलं, आठवेल की. नाव म्हणजे काय मोठं. नाहीच आठवलं तर पुढच्या वेळी रिक्षात गोडीत विचारू.

रिक्षात विचारलं पण. गोडीत नाही, माझ्या पद्धतीनं. "काय गं, ते नावाचं..."

"आठवलं?"

"आठवंल."

ती हसली आणि बाहेर बघायला लागली. हात धरून मी म्हणायला पाहिजे होतं, की बाई, मला येत नाही, सांग. एवढंच होतं. चार-पाच शब्द. ते मी त्या दिवशी म्हटलं नाही, त्याच्या पुढच्या खेपेला म्हटलं नाही. त्याच्या पुढची खेप आली नाही. एका दुपारी बाजेवर पडल्या पडल्याच गेली. मी आत चहा टाकत होतो.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी वीस वर्षांचा. गिरणीत कापडाच्या गाठी उचलायच्या खात्यात. गाठीवर गावाचं नाव टाकायचं असलं की अक्षरं कापलेला पत्रा गाठीवर ठेवायचा आणि वरून शाईचा ब्रश फिरवायचा. पत्रा उचलला की खाली छापल्यासारखी अक्षरं. तेही काम मी करायचो. सासऱ्यांना मी सांगितलं होतं, की मी गिरणीत लिहायचं काम करतो. खोटं नव्हतं तसं. पण हातानं मला साधी अक्षरं तेवढी यायची. काना, मात्रा, वेलांटी. जोडाक्षर आलं की हात थांबायचा. शाळा तिथंच सुटली होती.

लग्नाची पत्रिका छापायला छापखान्यात गेलो. मी, सासरे, दोन-चार पाहुणे. सासरे शेतमजुरी करणारे, अंगठा करणारे. त्यांनी मोठ्या तोंडानं छापखानेवाल्याला सांगितलं, "जावई लिवनार. गिरणीत लिवायचं कामच करत्यात." छापखानेवाल्यानं कागद आणि पेन्सिल पुढं सरकवली. माझं नाव मी लिहिलं. मग सासऱ्यांनी मुलीचं नाव सांगितलं. सावकाश, खणखणीत, एकेक अक्षर तोलून. मी पहिलं अक्षर काढलं आणि पुढं जोडाक्षर आलं.

हात अडला. सगळे बघत होते.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, "नाव बदलायचंच आहे. नवं आयुष्य, नवं नाव. पत्रिकेत नवंच छापू." आणि तिथल्या तिथं एक नाव लिहिलं. तीन अक्षरांचं. त्यात जोडाक्षर नव्हतं, एवढंच त्याचं कारण. पाहुणे म्हणाले, वा. सासरे काही बोलले नाहीत. पत्रिकेत तेच छापलं. पुढं रेशन कार्डावर, मतदार यादीत, आधारवर, दवाखान्याच्या फायलीत तेच.

हात अडलेला मला अजून आठवतो. पेन्सिल कोणत्या रंगाची होती तेही आठवतं, तांबडी होती. नाव आठवत नाही. पहिलं अक्षर मी काढलं होतं, तेही आठवत नाही.

पुढं मी जोडाक्षरं शिकलो. ईर्षेनं शिकलो. गाठी कुठल्या कुठल्या देशांत जायच्या, त्यांची नावं हातानं लिहून लिहून शिकलो. आता फळ्यावर रशियातल्या माणसाचं नाव लिहायचं असलं, एकावर एक तीन अक्षरं चढलेली असली, तरी माझा खडू थांबत नाही. पण घरात ज्या नावापायी शिकलो ते नाव तोवर पुसून गेलं होतं, आणि ते पुसलंय हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

ती गेल्यावर जलदान विधी पाचव्या दिवशी ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मी एसटीनं तिच्या माहेरी गेलो. मोडनिंबला उतरलो, तिथनं आत रिक्षानं. पोराला सांगितलं, निरोप द्यायला जातोय. तो म्हणाला, फोनवर दिलाय की सगळ्यांना. मी म्हटलं, फोनवर देतात का असला निरोप.

तिचे भाऊ सगळे गेलेत. भाचा घरी होता. त्याला विचारलं, तुझ्या आत्याचं लग्नाआधीचं नाव काय? तो माझ्याकडं बघतच राहिला. "आत्याचं नाव? तेच की." आणि त्यानं मी ठेवलेलं नाव घेतलं. घरात जुने कागद नव्हते. शाळेत ती गेलीच नव्हती, म्हणजे शाळेच्या दाखल्याचाही प्रश्न नाही. गावात तिच्या वयाची एकच बाई उरली होती, दोघी मिळून खुरपायला जायच्या. भाच्यानं तिच्याकडं नेलं. डोळ्यानं अधू झालेली, उन्हात बसली होती.

"कोन? सोलापूरचा जावई व्हय?" ती म्हणाली. "लई वर्सांनी आलास की रं. बारकीला न्हाई आनलं?"

मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. थोडा वेळ गेल्यावर मी विचारलं, "बारकी हे तिचं नाव?"

"आमी म्हनायचो बारकी. खरं नाव येगळं हुतं. लई मोठं. आमच्या तोंडात बसायचं न्हाई, म्हनून बारकी."

"काय होतं खरं?"

तिनं डोळे मिटले. ओठ हलवले. मी तिच्या ओठांकडं बघत बसलो. एवढा वेळ मी कुणाच्या तोंडाकडं बघितलेलं नाही.

"न्हाई येत बाबा," ती म्हणाली. "तिच्या बापानं कुटल्या तरी सभेत ऐकलं हुतं. कोनतरी मोठी बाई हुती म्हनं, लांबच्या देशातली का हितली, काय की. भाषनात तिचं नाव घेतलं. ह्यो घरला येऊन म्हनाला, माझ्या पोरीचं हेच नाव. गावभर सांगत फिरायचा. आमी हसायचो. मजुराच्या पोरीला केवडं नाव."

मग एकदम डोळे उघडून मला म्हणाली, "तुला म्हाईत आसंल की. तुझी बायकू न्हवं?"

मी उठलो. छापखान्यातले सासरे मला दिसले. एकेक अक्षर तोलून बोलणारे. आणि मग गप्प झालेले.

परत येऊन चौथ्या दिवशी माझ्या वह्या काढल्या. फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक नाव मी वहीत उतरवून ठेवलेलं आहे, तीस वर्षांचं. त्यातल्या बायकांची नावं मोठ्यानं वाचत गेलो. शास्त्रज्ञ बाया, पंतप्रधान झालेल्या बाया, गाणाऱ्या, लिहिणाऱ्या, तुरुंगात गेलेल्या. म्हटलं, कुठंतरी जीभ अडखळेल. ओळखीचं काहीतरी लागेल. पण ती बाई माझ्या वह्यांच्या कितीतरी आधीची असणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचलं. घसा बसला. प्रत्येक नाव परक्या बाईचं होतं.

पाचव्या दिवशी जलदान झालं. विहारात गर्दी होती. येणारा प्रत्येक माणूस आधी फळ्याकडं बघायचा, मग आत यायचा. पाच दिवस फळ्यावर काही नव्हतं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, आज म्हातारा लिहिणार.

वंदना झाली, जेवणं झाली. पोरगा माझ्याजवळ आला. तो जुळे सोलापूरला राहतो, फ्लॅटमध्ये, नोकरीला आहे. आईवर जीव त्याचा.

"बाबा, लिहिताय ना?"

"न्हाई."

"म्हणजे?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

"चंद्रावर गेलेला माणूस लिहिता, आणि आई? तुमच्या फळ्याला आई लहान पडली का हो?"

सांगता आलं असतं. पण मग पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, पत्रिकेपासून. बापाला जोडाक्षर येत नव्हतं म्हणून तुझ्या आईचं नाव गेलं, हे त्याच्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं. चौकात, एवढ्या माणसांत. माझी मान खाली गेली नाही कधी. तेव्हाही गेली नाही. म्हणूनच सगळं बिघडलं.

त्यानं माझ्या खिशातला खडू काढून घेतला. फळ्यापाशी गेला आणि लिहिलं. कालकथित, आणि पुढं आईचं नाव, मी ठेवलेलं, तीन अक्षरांचं. कोरड्या खडूनं, वाकडंतिकडं. खाली तारीख. बायका रडायला लागल्या. पेपरवाल्यानं टोपी काढून छातीला लावली.

मी उठलो. विहाराच्या नळावर फडकं भिजवलं आणि पुसलं.

नळ चालू राहिला होता, त्याचा आवाज येत होता तेवढा. पोरानं माझ्याकडं बघितलं, असं बघितलं की ते मी लिहू शकत नाही. मग सुनेला म्हणाला, चल. गाडीला किक मारली आणि गेला. त्यानंतर फोन येतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, ठेवतो. त्या दिवसाचं ना तो काढतो, ना मी.

सुईणीचा मुलगा जाताना माझ्यासमोर थांबला. किती वर्षांनी माझ्याशी बोलला. "मानलं गड्या तुला," तो म्हणाला. "सोताच्या बायकूलाबी सोडलं न्हाईस. नियम म्हंजे नियम." थट्टा होती की खरंच म्हणत होता, कळलं नाही. त्याला वाटत होतं मी नियम पाळला. आता सगळी वस्ती तेच म्हणते, म्हातारा लई कडक. मी एका बाईचा शब्द पाळला. पण अर्धाच. लिवू नगा म्हणाली तेवढा पाळला. लिवायचं म्हणाली तो राहिला.

आता तो कधीच पुरा होणार नाही. जिला ते नाव माहीत होतं ती एकटीच होती, आणि तिला मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. बादली भरली. तिचं फडकं खुंटीवर होतं, ते घेतलं. चौकात जाऊन फळा धुतला, वरपासून खालपर्यंत, कोपरेसुद्धा. ती धुवायची तसा. वाळेपर्यंत थांबलो. नाक्यावर गेलो. पेपरवाल्यानं पेपर पुढं केला. त्यानं आज कोण गेलं विचारलं नाही. मी आतलं पान उघडलं. बर्फाखालची माती उकरून हजारो वर्षांपूर्वीचं हवापाणी सांगणारा एक शास्त्रज्ञ गेला होता, लांब उत्तरेकडच्या देशातला. खडू ओला केला. कालकथित लिहिलं. पुढं त्याचं नाव लिहिलं. त्यात तीन जोडाक्षरं होती. तिन्ही बरोबर लिहिली.